लाल चीक, लांब प्रवास

अॅमेझॉनच्या जंगलातल्या एका झाडाचा रस अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचला. त्याला शेकडो वर्षं लागली, एक कंपनी बुडाली आणि एक प्रश्न अजून तसाच उरला आहे.

स्किनकेअरच्या रील्स बघत असाल तर 'ड्रॅगन्स ब्लड' हे नाव तुम्हाला नवीन नसेल. गडद लाल रंगाचं सीरम, काळी बाटली, ड्रॉपर आणि खाली कॅप्शन : 'अॅमेझॉनच्या जंगलातलं गुपित'. (शॉपिंगवालं नव्हे, नदीवालं अॅमेझॉन.) बाटली कार्टमध्ये टाकायची की नाही हे नंतर ठरवू. आधी त्या लाल थेंबाची गोष्ट ऐका. फार्मसी, बॉटनी, केमिस्ट्री, लॉ, कॉमर्स यांतल्या कुठल्याही शाखेला तुम्ही असा, या गोष्टीत तुमच्यासाठी काहीतरी आहेच.

एक नाव, झाडं अनेक

पहिला घोळ नावाचा. जगात किमान चार वेगवेगळ्या वनस्पतींच्या लाल रसाला 'ड्रॅगनचं रक्त' म्हणतात. येमेनजवळच्या सोकोत्रा बेटावर छत्रीसारखं दिसणारं एक झाड आहे. कॅनरी बेटांवर त्याचाच भाऊबंद आहे. इंडोनेशिया-मलेशियाकडे एका वेताच्या फळांवर लाल राळ जमते. आणि चौथं आपलं आजचं झाड, दक्षिण अमेरिकेतलं.

पहिल्या तिघांशी आपली ओळख जुनी आहे. काष्ठौषधींच्या दुकानात 'हिरादखण' मागितलंत तर जे लालसर खडे मिळतात ते याच मंडळींपैकी. युनानी वैद्यकात त्याला 'दम्मुल अखवैन' म्हणतात, म्हणजे दोन भावांचं रक्त. सोकोत्राला तर आपल्याकडचे दर्यावर्दी दोन हजार वर्षांपूर्वी जात होते. तिथल्या होक नावाच्या गुहेत भरूचकडच्या प्रवाशांनी ब्राह्मी लिपीत कोरलेली नावं सापडली आहेत. थोडक्यात, 'अमुक इथे येऊन गेला' लिहायची सवय आपली फार जुनी!

चौथं झाड मात्र या तिघांच्या नात्यातलं अजिबात नाही. त्याचं शास्त्रीय नाव क्रोटन लेक्लेरी. पेरूत त्याला 'सांग्रे दे ग्रादो' म्हणतात, इक्वेडोरमध्ये 'सांग्रे दे द्रागो'. कुळ एरंडाचं. आणि गंमत बघा, याच क्रोटन प्रजातीतला एक सदस्य आपल्या चांगल्या परिचयाचा आहे : जमालगोटा. हिंदी सिनेमात कुणाची फजिती करायची असली की सरबतात मिसळतात तोच. एक भाऊ जुलाब लावतो आणि दुसरा भाऊ जुलाब थांबवतो. गोष्टीचा मुख्य धागा हाच आहे.

डिंक, राळ की चीक?

पुढे जाण्याआधी एक बारीक फरक समजून घेऊ. झाडातून जे जे चिकट बाहेर येतं त्याला आपण सरसकट डिंक म्हणतो. पण लाडवात घालतो तो बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक पाण्यात फुगतो, विरघळतो. देवापुढे जाळतो तो धूप किंवा राळ पाण्यात विरघळत नाही, तेलात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळते. आणि रुई मोडली की येतो तो चीक. बाजारात क्रोटनच्या रसाला राळ म्हणून विकत असले तरी तो खरं तर पातळ, चिकासारखा रस आहे. रेड वाइनच्या रंगाचा, चवीला कडू आणि इतका तुरट की जीभ आखडते.

या रसाची एक खूण आहे. थेंबभर रस हातावर घेऊन बोटाने चोळला की लाल रंग फिकट होत जातो आणि साबणासारखा मळकट-पांढरा फेस होतो. थोड्या वेळात तो वाळतो आणि त्वचेवर पातळ पापुद्रा बसतो. पेरूतल्या बाजारात रस अस्सल आहे की रंगाचं पाणी हे लोक असंच चोळून बघतात. लॅबची गरज नाही.

झाड दिसायला देखणं. दहा-वीस मीटर उंच, फिकट रंगाची साल, हृदयाच्या आकाराची मोठी पानं. पेरू, इक्वेडोर, कोलंबिया आणि बोलिव्हिया या देशांत, अॅमेझॉनच्या पश्चिम टोकाला ते वाढतं. घनदाट सावलीत नव्हे, तर नदीकाठी किंवा मोठं झाड पडून जिथे ऊन आलंय अशा मोकळ्या जागी. वाढतंही झपाट्याने. जंगलाला जखम झाली की ती भरून काढायला जी झाडं सगळ्यात आधी धावतात, त्यांतलं हे एक.

लोकांनी काय ओळखलं होतं?

क्विचुआ, शुआर, आशानिंका असे कितीतरी समाज हा रस पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. कोयत्याने बोट कापलं, रस लावा. किडा चावला, रस लावा. दात काढला, हिरडीवर लावा. तोंड आलं, पाण्यात थेंब टाकून चुळा भरा. बाळंतपणानंतर, पोटातल्या अल्सरसाठी आणि मुख्य म्हणजे जुलाबासाठी, थेंब मोजून पाण्यातून पोटात घ्या. सतराव्या शतकात पेरूत राहिलेला स्पॅनिश जेझुइट पाद्री बेर्नाबे कोबो याने लिहिलेल्या ग्रंथातही या लाल रसाच्या गुणांची नोंद आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'आदिवासींचं औषध' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मंत्र-तंत्र आणि धूर येतो. पण या यादीकडे नीट बघितलंत तर तिच्यात एक सूत्र दिसतं. जखम, अल्सर, तोंडातले फोड, जुलाब... जिथे जिथे शरीराचं अस्तर फाटलंय, सुजलंय किंवा गळतंय, तिथे हा रस. शेकडो वर्षं बघून, चुकून, पुन्हा बघून जमा झालेलं हे निरीक्षण आहे. त्याला जर्नलचं नाव नाही, एवढंच.

बाटलीत असतं काय?

आता केमिस्ट्रीवाले पुढे सरसावा. रस वाळवला तर त्याच्या वजनाचा बहुतांश, ९० टक्क्यांपर्यंतचा भाग 'प्रोअँथोसायनिडिन' या गटातल्या पदार्थांचा निघतो. सोप्या भाषेत टॅनिन. कॅटेचिन आणि त्याच्या नातेवाइकांचे लहान लहान मणी एकमेकांना जोडून झालेल्या माळा. चहाच्या पानात जे मणी असतात तेच, फक्त इथे ओवलेले.

'कॅटेचिन' हा शब्द कुठून आला माहीत आहे? कॅटेच्यू म्हणजे कात. आपल्या विड्याच्या पानातला, खैराच्या लाकडाचा काढा आटवून केलेला कात. कोकणात चिपळूण-सावर्ड्याकडे ज्याच्या भट्ट्या आहेत तोच. पोट बिघडलं की डाळिंबाची साल उगाळून देणारी आजी आणि अॅमेझॉनच्या काठची आजी यांची भेट कधीच झाली नाही. पण दोघींनी जिभेवर एकच गोष्ट ओळखली होती : तुरट ते पोट बांधतं.

उरलेल्या दहा टक्क्यांतही कामाची मंडळी आहेत. 'टास्पिन' नावाचं अल्कलॉइड त्यांतलं एक. १९८९ मध्ये लिमातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून टास्पिनमुळे जखम लवकर भरते असं दाखवलं. मग बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या गटाने नव्वदच्या दशकात वेगळं मत मांडलं. त्यांच्या प्रयोगांत अख्ख्या रसाचा परिणाम सुट्या घटकांपेक्षा सरस दिसला. त्यांच्या मते टॅनिन वाळून जो पापुद्रा धरतो तोही जखमेला झाकण्याचं मोठं काम करतो. म्हणजे हातावर चोळल्यावर दिसतो तो फेस नुसती करामत नव्हती. तीच मलमपट्टी होती.

शामन शेअर बाजारात

१९८९ मध्ये लिसा काँटे या उद्योजिकेने कॅलिफोर्नियात एक कंपनी काढली. नाव ठेवलं 'शामन फार्मास्युटिकल्स'. शामन म्हणजे आदिवासींचा वैद्य-पुजारी. कल्पना साधी होती. मोठ्या कंपन्या लाखो रसायनं यंत्रात घालून बघतात, त्यांतलं एखादं लागू पडतं. त्याऐवजी ज्यांना आधीच माहीत आहे त्यांनाच विचारलं तर?

कंपनीने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि डॉक्टर अशी जोडी जंगलात पाठवली. ते आजारांचे फोटो दाखवत, लक्षणं सांगत आणि विचारत, 'असा रोगी आला तर तुम्ही काय देता?' एकमेकांपासून लांब राहणाऱ्या समाजांनी एकाच आजारासाठी एकाच झाडाकडे बोट दाखवलं की ते झाड यादीत वर जायचं. सांग्रे दे ग्रादो झटकन वर आलं.

आता यातला विनोद बघा. लोक सांगत होते, हे जुलाबावर चालतं. पण लॅबमध्ये या रसातल्या टॅनिनने काही विषाणूंना रोखलेलं दिसलं, म्हणून कंपनी आधी विषाणूंच्या मागे लागली. श्वसनाच्या विषाणूवर तोंडाने घ्यायचं औषध करायचं ठरलं. ते फसलं, कारण टॅनिनचे हे मोठे रेणू आतड्यातून रक्तात शिरतच नव्हते. नागिणीच्या जातीतल्या हर्पिससाठी लावायचं औषधही पुढे सोडून द्यावं लागलं. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. रक्तात शिरत नाही, आतड्यातच राहतं, तर आतड्याच्याच आजारावर का वापरू नये? म्हणजे जंगलातल्या लोकांनी पहिल्या दिवशी सांगितलेल्या उत्तरावर कंपनी काही वर्षं आणि बरेच डॉलर खर्च करून परत आली.

तोवर उशीर झाला होता. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, एफडीएने, आणखी एक मोठी चाचणी मागितली. कंपनीकडे पैसे उरले नव्हते. शेअर कोसळला. तोच अर्क फूड सप्लिमेंट म्हणून विकून बघितला, तेही चाललं नाही. २००१ मध्ये शामनने दिवाळखोरी जाहीर केली.

काँटे यांनी त्याच वर्षी 'नापो' नावाची नवी कंपनी काढली आणि रेणूंची ती माळ पुन्हा हातात घेतली. तिचं औषधी नाव 'क्रोफेलेमर'. या प्रवासात आपलं मुंबईही येतं. २००५ मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने नापोशी करार करून अनेक विकसनशील देशांसाठीचे हक्क घेतले. शेवटी ३१ डिसेंबर २०१२ या दिवशी एफडीएने क्रोफेलेमरला मान्यता दिली. वनस्पतीपासून केलेलं, तोंडाने घ्यायचं आणि एफडीएच्या 'बोटॅनिकल' नियमांतून पास झालेलं हे पहिलं औषध. त्याच्या आधी २००६ मध्ये मान्यता मिळाली होती ती ग्रीन टीपासून केलेल्या मलमाला, पण ते वरून लावायचं होतं.

उघडा नळ बंद कसा होतो?

जुलाबात इतकं पाणी येतं कुठून? बारावीचं बायोलॉजी आठवा. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना क्लोराइडचे दरवाजे असतात. त्यांतल्या एकाचं नाव 'सीएफटीआर'. कॉलऱ्याचं विष पेशीत शिरलं की हा दरवाजा उघडाच राहतो. क्लोराइड बाहेर पडतं, त्याच्या मागे सोडियम जातं आणि दोघांच्या मागे पाणी. नळ सुरू, बादली भरतेय आणि माणूस आतून सुकतोय.

क्रोफेलेमर आतड्याच्या पोकळीतून येऊन दोन वेगवेगळ्या क्लोराइड दरवाज्यांवर बसतं आणि त्यांना अडवतं. त्यांतला एक हा सीएफटीआर. दुसरा कॅल्शियमच्या इशाऱ्यावर उघडणारा. जुलाबावरच्या नेहमीच्या गोळ्या आतड्याची हालचाल मंदावतात. याचं तसं नाही, हे थेट गळतीवर काम करतं. आणि रक्तात फारसं जात नसल्यामुळे बाकी शरीराला त्याचा त्रासही कमी.

मान्यता मात्र एका ठरावीक गटासाठी मिळाली आहे : एचआयव्हीवरची औषधं घेणाऱ्या, संसर्ग नसलेल्या जुलाबाने हैराण झालेल्या प्रौढ रुग्णांसाठी. हा त्रास ऐकायला किरकोळ वाटेल. पण दिवसातून सात-आठ वेळा धावावं लागणारा माणूस नोकरी सोडतो, प्रवास सोडतो आणि एक दिवस जीव वाचवणारी गोळीही सोडतो. त्यामुळे इथे प्रश्न गैरसोयीपुरता नव्हता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये याच औषधाला अमेरिकेत केमोथेरपी घेणाऱ्या कुत्र्यांच्या जुलाबासाठीही सशर्त मान्यता मिळाली. पेट पॅरेंट्सनो, नोंद घ्या.

आकडे नीट वाचा

'जंगलातल्या चमत्कारी औषधाला एफडीएची मान्यता' अशी रील कुणी बनवली तर लाइक करण्याआधी हे वाचा. मान्यता ज्या चाचणीवर मिळाली तिच्यात क्रोफेलेमर घेणाऱ्यांपैकी १७.६ टक्के रुग्णांना ठरवलेल्या कसोटीइतका आराम पडला. नुसती साखरेची गोळी म्हणावी तसं प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. म्हणजे फरक आहे, दुपटीहून जास्त आहे, आणि तो योगायोगाने आलेला नाही. पण शंभरातल्या ऐंशीहून अधिक रुग्णांना कसोटीइतका आराम पडला नाही, हेही त्याच ओळीत लिहिलेलं आहे.

दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवायला शिकणं हीच सायन्सची खरी परीक्षा. 'पारंपरिक आहे म्हणजे थोतांड' म्हणणारा हरतो, कारण फरक खराच दिसला. 'पारंपरिक आहे म्हणजे रामबाण' म्हणणाराही हरतो, कारण आकडा समोर आहे.

आणखी एक तुलना आपल्याला जवळची. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती. सलाइन संपलेलं. तिथे डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी तोंडाने पाजून मृत्यूचं प्रमाण झरझर खाली आणलं. ओआरएस नळ बंद करत नाही, गेलेलं पाणी भरून काढतं. आणि ते काही रुपयांत मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आजही जगात दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुलं जुलाबाने दगावतात. त्यांच्यासाठी आजचं पहिलं औषध ओआरएस आणि झिंकच आहे. क्रोफेलेमरची ज्या त्रासासाठी परीक्षा झाली तो श्रीमंत देशाच्या बाजारात विकला जाणारा होता. औषध कुणासाठी बनतं हे फक्त रेणूवर ठरत नाही. खिशावरही ठरतं.

झाड पाडून रस

रबरासारखी साल खरवडून थोडा थोडा रस काढता येत नाही का? येतो, पण फार कमी. शिवाय खाचांमधून बुरशी शिरते आणि झाड खंगतं. त्यामुळे व्यापारासाठी झाड पाडतात, खोडावर खाचा पाडतात आणि खाली भांडं धरतात. एका झाडातून काही लिटर रस मिळतो. पावसाळ्यात जास्त मिळतो असं काढणारे सांगतात.

ऐकताना वाईट वाटतं. पण हे झाड सहा-आठ वर्षांत रस देण्याजोगं होतं, मोकळ्या जागेत आनंदाने वाढतं, आणि शेतकरी ते केळी-युकाच्या शेताच्या कडेला लावू शकतात. लावलं तर टिकेल, नुसतं तोडलं तर संपेल. हिशेब इतका सरळ आहे. अडचण अशी की बाटलीवर 'वाइल्ड हार्वेस्टेड' लिहिलं की किंमत वाढते आणि 'शेतात लावलेलं' लिहिलं की ग्लॅमर जातं.

पैसा कुणाचा?

आता लॉ आणि कॉमर्सवाल्यांची पाळी. ज्ञान क्विचुआ आणि शुआर लोकांचं, पैसा गुंतवणूकदारांचा, चाचण्या विद्यापीठांच्या, पेटंट कंपनीचं. मग नफा झाला तर वाटा कुणाला?

शामन कंपनीने या प्रश्नाकडे पाठ फिरवली नव्हती, हे मान्य करायला हवं. औषध बाजारात येण्याची वाट न बघता आधीच काहीतरी द्यायचं असं तिचं धोरण होतं. इक्वेडोरमधल्या हातुन मोलिनो या क्विचुआ वस्तीने 'आमची धावपट्टी वाढवून द्या' असं सांगितलं. रस्ता नसलेल्या जंगलात छोटं विमान उतरलं तरच रोगी शहरात पोचतो. कंपनीने ते काम करून दिलं. पुढे नफा झाला की ज्या ज्या समाजांबरोबर काम केलं त्या सगळ्यांत वाटा द्यायचा, असंही ठरलं होतं. त्यासाठी वेगळी संस्थाही काढली.

पण नफा झाला नाही. कंपनीच बुडाली. नफ्यातला वाटा देण्याचं वचन कितीही प्रामाणिक असलं तरी ते नफ्याइतकंच कच्चं असतं, हे इथे दिसलं. आणि दुसरा गुंता त्याहून अवघड. हा रस चार देशांतले डझनभर समाज वापरतात. करार एका वस्तीशी झाला तर बाकीच्यांचं काय? शेजारच्या गावातल्या आजीला तेच माहीत होतं, तिची सही कुणी घेतली नाही.

जगाने यावर हळूहळू नियम केले. १९९२ मध्ये रिओत जैवविविधतेचा करार झाला, २०१० मध्ये नागोयाचा आणि तो २०१४ मध्ये लागू झाला. गाभा असा : आधी विचारा, परवानगी घ्या, फायद्यात वाटा द्या. पेरूने २००२ मध्ये मूळ रहिवाशांच्या सामूहिक ज्ञानाच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला, समाजांना आपलं ज्ञान सरकारी नोंदवहीत नोंदवता येईल अशी सोय केली आणि जैवचोरी शोधायला खास आयोगही नेमला. औषधांची सगळ्यात मोठी बाजारपेठ असलेली अमेरिका मात्र जैवविविधता कराराची सदस्य नाही.

आणि आपण?

हा वाद तुम्हाला ओळखीचा वाटत असेल तर बरोबर आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपण जिंकलो, कारण हळदीबद्दल लिहिलेलं होतं. जे कुणी कधी लिहिलंच नाही, त्याचं काय?

केरळच्या अगस्त्य डोंगरातलं उदाहरण बघा. १९८७ मध्ये तिथे फिरणारे शास्त्रज्ञ दमून बसले आणि त्यांच्याबरोबरचे काणी आदिवासी तरुण मात्र ताजेतवाने. ते एका छोट्या झुडपाची फळं खात होते. त्या 'आरोग्यपच्चा'पासून पुढे 'जीवनी' हे औषध तयार झालं. कंपनीकडून मिळालेल्या १० लाख रुपयांच्या शुल्कातला आणि दोन टक्के रॉयल्टीतला अर्धा वाटा काणी समाजाच्या ट्रस्टला द्यायचं ठरलं. जगभर या कराराचं कौतुक झालं. पुढे वनखात्याचे नियम आणि पानांचा पुरवठा यांत गाडी अडली, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि पालिकेत जैवविविधता समिती असायला हवी आणि तिने 'लोक जैवविविधता नोंदवही' करायला हवी. ही कल्पना नव्वदच्या दशकात रुजवली ती माधव गाडगीळ यांनी. कुठलं झाड, कुठे आहे, लोक त्याचा काय उपयोग करतात, हे सगळं त्यांच्याच तोंडून ऐकून लिहायचं. २०२३ मध्ये कायदा बदलला. ग्रंथांत लिहिलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना फायद्यातला वाटा देण्यातून सूट मिळाली. आता हा ग्रंथ कुणाचा, त्यातलं ज्ञान कुणाकडून आलं आणि जे ग्रंथात नाही ते कुणी नोंदवायचं, हे प्रश्न तुमच्या पिढीच्या वकिलांसाठी राखून ठेवले आहेत.

बाटलीचं काय करायचं?

सुरुवातीचा सवाल राहिला. 'ड्रॅगन्स ब्लड' सीरम दिसलं तर आधी मागचं लेबल वाचा. क्रोटन लेक्लेरी लिहिलंय की ड्रॅसिना? पहिल्या पाचांत आहे की शेवटच्या ओळीत, सुगंधाच्याही खाली? जखमेवरचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत आणि ते रसाचे आहेत. त्यावरून तुमच्या पिंपल्सची हमी कुणी देऊ शकत नाही. आणि ऑनलाइन मिळणारा सुटा रस पोटात घेण्याच्या फंदात पडू नका. एफडीएची मान्यता मिळाली ती शुद्ध केलेल्या, मोजून भरलेल्या १२५ मिलिग्रॅमच्या गोळीला. अनोळखी बाटलीला नाही. जुलाब लागले तर ओआरएस घ्या. रक्त पडलं, ताप आला किंवा दोन दिवसांत थांबले नाहीत तर डॉक्टरकडे जा.

बाटलीच्या किमतीत दुसरं एक काम होण्यासारखं आहे. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, 'आपली जैवविविधता नोंदवही कुठे आहे?' कदाचित कपाटात असेल. कदाचित कुणीतरी शहरात बसून एका रात्रीत टाइप केलेली असेल, शेजारच्या गावाची नक्कल. मग सालीचा काढा करणाऱ्या, चीक लावणाऱ्या, कुठलं पान कुठल्या महिन्यात खुडायचं हे माहीत असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसा. ते जे सांगतील ते त्यांच्या नावाने, त्यांना विचारून लिहा. वहीत ते आधीपासून असेल तर उत्तम. नसेल तर ते कुणी आणि कधी लिहायचं, याचं उत्तर तुमच्याकडे आहे.